पंक्चरवाल्याच्या गल्लीतला दवाखाना

आमच्या टीबीच्या दवाखान्याला दोन दारं आहेत. पुढचं मोठ्या रस्त्यावर उघडतं, त्यावर हातभर अक्षरांची पाटी आहे, आणि त्या दारातून एकही पेशंट आत जाताना मी कधी पाहिला नाही. आम्ही सगळे मागून जायचो. मागच्या गल्लीत एक पंक्चर काढणारा बसतो. त्याच्या टायरांच्या ढिगाला वळसा घातला की दवाखान्याची पडवी लागते. गल्लीत कुणी ओळखीचं भेटलंच तर सबब हवी, म्हणून प्रत्येकाच्या हातात काहीतरी असायचं. शाळेतले मास्तर सायकलची ट्यूब घेऊन यायचे. मास्तरांकडे सायकल नव्हती. एक बाई रिकामा डबा घेऊन यायच्या, बहुतेक डब्याचं पंक्चर काढायला. मी कात्र्यांची पेटी न्यायचो, जणू धार लावायला चाललोय.

मी केस कापतो. बाजाराच्या तोंडाशी माझं दुकान आहे, दोन खुर्च्या आणि एक भला मोठा आरसा. दुनियेच्या भानगडी माझ्या खुर्चीत येऊन सांगितल्या जातात, आणि बायको म्हणते की तुमच्या पोटात तीळ भिजत नाही. ही एकच गोष्ट मी पोटात ठेवली होती. गिऱ्हाइकाच्या तोंडापासून वीतभर अंतरावर माझं तोंड असतं. मला टीबी आहे हे कळल्यावर माझ्या वस्तऱ्याखाली मान कोण देणार?

पडवीत एक अलिखित रीत होती. सगळ्यांनी भिंतीकडे बघत बसायचं. कुणी कुणाला ओळखायचं नाही. काल बाकावर मला खेटून बसलेला माणूस आज खुर्चीत येऊन ‘बऱ्याच दिवसांत गाठ नाही’ म्हणायचा, आणि मीही साळसूदपणे ‘हो ना, असता कुठं’ असं विचारायचो. दवाखान्याच्या सिस्टरनी ही रीत जपली होती. मागची कडी त्या सकाळी स्वतः काढून ठेवायच्या. औषध द्यायला नाव घेऊन हाक मारायच्या नाहीत, नुसत्या समोर येऊन उभ्या राहायच्या. फार मायेची बाई, पण मायेनं माणूस काय घोटाळा करून ठेवील सांगता येत नाही.

मला तिथं बायकोनं नेलं होतं. खोकला हटेना, पँट कमरेवर राहीना, आणि मी आपला ‘केस घशात जातात, आमच्या धंद्यात चालायचंच’ म्हणत होतो. पहिल्या दिवशी डबीत थुंकून दिलं तर सिस्टरनी ती परत केली. म्हणाल्या, ही लाळ आहे, मला छातीतला बेडका हवा, उद्या उठल्या उठल्या खोल खोकून आणा. आणला. त्यात निघायचं ते निघालं. बायकोचीही तपासणी झाली, ती साफ होती. सिस्टरनी सांगितलं तोवर मी दुकान बंद ठेवलं, आणि लोकांना सांगितलं की कंबर धरलीय. अख्खा बाजार मला कमरेचे व्यायाम शिकवायला येत होता. मग पुन्हा तपासलं, आता माझ्यापासून कुणाला धोका नाही असं सिस्टर म्हणाल्या आणि दुकान उघडलं. पण गोळ्या मात्र शेवटपर्यंत घ्यायच्या, एक दिवस चुकवायचा नाही, हे त्यांनी मला बजावलं नाही. मला बजावायची गरज नव्हती.

माझ्या थोरल्या भावाला हाच आजार झाला होता. तेव्हा हा दवाखाना नव्हता. औषध शहरातल्या मोठ्या इस्पितळात मिळायचं, जायला यायला अख्खा दिवस मोडायचा. त्याला मध्येच बरं वाटायला लागलं, कामावर खाडे परवडेनात, आणि त्यानं जाणं सोडलं. आजार परत आला तो असा निगरगट्ट होऊन आला की मग कुठलंच औषध त्याला दाद देईना. शेवटी शेवटी माझी बायको त्याला चमच्यानं भरवायची. त्यामुळे आमच्या घरात अर्धवट सोडलेलं औषध म्हणजे काय ते दोघांनाही नीट माहीत आहे, आणि त्यावर आम्ही कधी बोलत नाही.

तर एके दिवशी पालिकेतला एक कारकून माझ्या खुर्चीत बसला होता. मान भादरून घेता घेता म्हणाला, तो टीबीचा दवाखाना आता बंद होणार, तिथं कर भरायची खिडकी होणार, लोकांची सोय होईल. माझा वस्तरा थांबला. का बंद होणार, असं मी जमेल तितक्या निवांतपणे विचारलं. तर म्हणे, पैसा पालिका देते, आणि तिथं चिटपाखरू फिरकत नाही. तपासायला साहेब गेले होते, दिवसचे दिवस दारात बसून आले.

मला तो साहेब आठवला. पुढच्या दारासमोर खुर्ची टाकून, मांडीवर थर्मास घेऊन बसायचा. त्याला पाहून आम्ही आणखीनच अंग चोरलं होतं. आणि आमच्या सिस्टर! कुणाला अवघडल्यासारखं नको म्हणून त्या दिवसांत त्यांनी आम्हाला पडवीतही बसू दिलं नाही. मागच्या खिडकीतून गोळ्या हातावर ठेवायच्या, समोरच गिळायला लावायच्या आणि पिटाळायच्या. साहेबाला आत कागद दाखवले तर तो म्हणाला, कागदावर नावं कुणीही लिहील, मी डोळ्यांनी पाहतो. डोळ्यांनी त्यानं रिकामा बाक पाहिला.

दुसऱ्या दिवशी सिस्टर पडवीत आल्या. पालिकेच्या समितीची बैठक आहे, त्यात पुढच्या वर्षीचा खर्च मंजूर व्हायचाय, म्हणाल्या. तपासणीचं सामान, लॅबवाल्याचा पगार, गोळ्यांचा साठा, सगळं त्यावर. तुमच्यातलं कुणी येऊन दोन शब्द बोललं तर बरं होईल. आम्ही सगळे मूग गिळून भिंतीकडे बघत राहिलो. मीही. त्या भिंतीवर बघण्यासारखं काहीही नाही. सिस्टर आत गेल्या. मला त्यांचा राग आला, साहेबाचा आला, मास्तरांच्या त्या ट्यूबचासुद्धा आला.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती धुतलेले कपडे घड्या करत होती. म्हणाली, मग तुम्ही बोला. मी म्हटलं, वेडी आहेस का, दुकानाला टाळं लागेल. मास्तर बोलतील, शिकलेला माणूस आहे. ती म्हणाली, मास्तरांची नोकरी आहे, ते कशाला बोलतील. मी म्हटलं, बंद झालाच तर मी शहरातून आणीन औषध, त्यात काय, बस आहे की.

तिनं हातातला शर्ट खाली ठेवला.

“थोरले भाऊजीही हेच म्हणाले होते,” ती म्हणाली. “दुकान गेलं तर आपण दुसरं काही करू. मी भांडी घासीन. तुम्ही गेलात तर मी काय करू, ते सांगा.”

मी तिनं खाली ठेवलेला शर्ट उचलला आणि त्याची घडी घातली.

बैठकीच्या दिवशी दुपारी दुकान ओढून घेतलं आणि पालिकेच्या सभागृहात मागच्या रांगेत जाऊन बसलो. बघतो तर निम्मी पडवी तिथं हजर! डब्यावाल्या बाई नळाच्या तक्रारीसाठी आल्यासारख्या बसलेल्या, मास्तर खांबाआड पेपर वाचताहेत. कुणी कुणाला ओळखलं नाही. वर टेबलामागे सभापतीबाई होत्या, वयस्कर, चष्मा नाकाच्या टोकावर. त्यांच्या शेजारचे सदस्य माझं जुनं गिऱ्हाईक. कल्ल्यांच्या बाबतीत फार चिकित्सक माणूस.

तपासणीसाहेबानं आपला अहवाल वाचला. मग सिस्टर बोलायला उठल्या. म्हणाल्या, पेशंट आहेत, भरपूर आहेत, पण ते दिसत नाहीत. यावर टेबलामागे कुणीतरी हसलं. सभापतीबाईंनी चष्म्यावरून हॉलकडे पाहिलं आणि विचारलं, त्यांच्यापैकी कुणी आलंय का इथं?

पंखे फिरत होते. मास्तरांचा पेपर आणखी वर गेला. सिस्टर तिथं एकट्या उभ्या होत्या, आणि त्यांनी आमच्याकडे चुकूनही वळून पाहिलं नाही. आम्हाला ओळखही द्यायची नाही, ही रीत त्या अजून पाळत होत्या. थोरला आठवला, बायकोचा प्रश्न आठवला, आणि काय होतंय ते कळायच्या आत मी उभा होतो.

“मी आहे,” मी म्हटलं. “मला टीबी आहे. गोळ्या चालू आहेत. तुमचे साहेब पुढच्या दाराशी बसले होते, आम्ही मागून जातो.”

सभापतीबाईंनी विचारलं, मागून का?

“कारण हे सदस्यसाहेब माझ्याकडे दाढीला येतात,” मी म्हटलं.

सदस्यांचा हात आपोआप गालाकडे गेला. मी लगेच पुढचं सांगून टाकलं. की माझ्यापासून आता कुणाला काही होणार नाही, हे याच दवाखान्यात तपासून कळलंय. की माझा भाऊ दवाखाना लांब होता म्हणून गेला. दवाखाना बंद करून आजार बंद होत नाही, तो फक्त आपापल्या घरी जाऊन खोकत बसतो. मग मी बसलो. माझ्यामागून दुसरं कुणी उठलं नाही. मला वाटलं होतं उठतील. शेजारच्या माणसानं मात्र आपली खुर्ची जराशी सरकवून घेतली.

सभापतीबाईंनी कुणाकडे न बघता कागदावर काहीतरी खरडलं आणि म्हणाल्या, निर्णय उद्या. आणि मला विचारलं, ते मागचं दार कुठल्या गल्लीत म्हणालात?

दुसऱ्या सकाळी मी गल्लीत शिरलो तर सभापतीबाई पंक्चरवाल्याच्या दुकानात टायरवर बसलेल्या. ना गाडी, ना शिपाई. पंक्चरवाला बिचारा घाबरून उगाचच एकच चाक पुसत होता. मी पडवीच्या कोपऱ्यात उभा राहिलो. लोक येऊ लागले. डबा आला, पिशवी आली, एक पोर कडेवर घेतलेली बाई आली, एक म्हातारा नुसताच आला. सभापतीबाई एकेकाकडे बघत होत्या, विचारत कुणालाच काही नव्हत्या. मग ट्यूब घेऊन मास्तर आले. पंक्चरवाल्याची काय मती फिरली कोण जाणे, बाईंपुढे काम दिसावं म्हणून त्यानं मास्तरांच्या हातातली ट्यूब ओढून घेतली, हवा भरली आणि पाण्याच्या घमेल्यात बुडवून गरागरा फिरवली. एक बुडबुडा आला नाही.

“चांगली आहे की ट्यूब,” सभापतीबाई म्हणाल्या. “सायकल कुठाय तुमची?”

मास्तरांनी गल्लीच्या दोन्ही टोकांना पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्यांनी पडवीत माझ्याकडे ओळखीनं पाहिलं.

“सायकल नाही, मॅडम,” ते म्हणाले. “टीबी आहे.”

बाईंनी मान हलवली. मग आत जा, गोळीला उशीर होईल, एवढंच म्हणाल्या. नंतर सिस्टरांबरोबर त्या बराच वेळ आत होत्या. बाहेर आल्या तेव्हा सिस्टर डोळे पुसत होत्या, आणि मला धस्स झालं, कारण सिस्टरांचं रडणं मला वाचता येत नाही. पण सिस्टरनी मला पाहिलं आणि पडवीत, सगळ्यांसमोर, पहिल्यांदा नाव घेऊन मोठ्यानं हाक मारली. दवाखाना राहणार होता. खर्च मंजूर होणार होता, लॅबवाला राहणार होता, शिवाय गल्लीत एक दिवा मिळणार होता. डब्यावाल्या बाई मटकन बाकावर बसल्या आणि हसायलाच लागल्या. दुपारी समितीनं तसा ठराव केलाही.

दुकानाचं म्हणाल तर धंदा बसला, पण झोपला नाही. काही दिवस मी आरशात स्वतःचंच तोंड बघत बसलो. मग पडवीतले लोक उजळ माथ्यानं यायला लागले, त्यांना बघून इतर आले. कल्लेवाले सदस्य मात्र आले नाहीत. ते दुसरीकडे जातात, आणि आता त्यांचा एक कल्ला वर तर एक खाली असतो. मला त्याचं दुःख नाही.

पण हे सगळं नंतरचं. ठराव झाला त्या संध्याकाळी मी घरी गेलो. बायको दारातच उभी होती. बातमी तिला आधीच कळली असणार, बाजारात काय लपून राहतं, पण तिला ती माझ्या तोंडून हवी होती.

“म्हणजे औषध इथंच मिळणार?”

“इथंच.”

“शेवटपर्यंत?”

“शेवटपर्यंत,” मी म्हटलं.

थोरला गेला तेव्हा ती रडली नव्हती. माझा रिपोर्ट आला तेव्हाही नाही, तेव्हा तिनं नुसता पदर खोचला होता. आता ती उंबऱ्यावरच बसली आणि लहान मुलीसारखी रडायला लागली. मला काय करावं कळेना, म्हणून मी शेजारी बसलो. येणारेजाणारे बघत होते. मी आता मरणार नव्हतो, हे मला तिच्या त्या रडण्यातून पहिल्यांदा खरं वाटलं. बऱ्याच वेळानं तिनं नाक पुसलं आणि म्हणाली, चला, जेवायला वाढते.