बिजागरीचं विमान

शुक्रवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी विद्याचं विमान बंगळूरहून निघालं. आखातात एकदा विमान बदलायचं आणि मग लंडन. तिथल्या हॉस्पिटलात तिची थोरली बहीण सुनंदा शेवटच्या आजारात होती. घरात सगळे तिला अक्का म्हणत. बंगळूरच्या जयनगरात तीन पिढ्या काढलेल्या या मराठी घरात ताई हा शब्द कधीच मागे पडला होता.

विद्याला विमानतळावर सोडून तिचा नवरा रत्नाकर घरी आला, तेव्हा तिचा चहाचा कप ओट्यावर तसाच होता. त्याने तो विसळला नाही.

रत्नाकर पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान कारखान्यात तपासणी विभागाचा प्रमुख होता. लांब पल्ल्याच्या एका नव्या, आसनांमधून दोन गल्ल्या असलेल्या विमानाच्या पोटात सामान ठेवायच्या कप्प्याला जे मोठं दार असतं, त्याच्या बिजागरीचा तळहाताएवढा ब्रॅकेट तिथे तयार व्हायचा. कारखान्यातल्या कुणीही त्या विमानात पाऊल ठेवलेलं नव्हतं. पण एखाद्या नव्या देशाच्या एअरलाइनने ते घेतलं की दुपारी केसरीभात, म्हणजे इकडचा केशरी शिरा, व्हायचा आणि रत्नाकर भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर टाचणी लावायचा. जपान, कतार, इथिओपिया, फिनलंड. घरी जेवताना तो मोबाइलवर उडत्या विमानांचा नकाशा पुढे करायचा, "हे बघ, आत्ता सिंगापूरवाल्यांचं चाललंय. आपलं विमान."

"बिजागरी तुमची," विद्या म्हणायची. "विमान त्यांचं."

मागच्या आठवड्यात अक्काच्या मुलाचा, ध्रुवचा, फोन आला. "डॉक्टर म्हणतात महिनाभर काढेल. मावशी, जमेल तितक्या लवकर ये." मंगळवारचं तिकीट मिळत होतं, आखातातून. शनिवारचं थेट लंडनचं होतं, आणि त्या उड्डाणासमोर रत्नाकरच्या विमानाचं नाव होतं.

"अहो, मी अक्काला भेटायला चाललेय, तुमच्या बिजागरीला नाही."

"पाय सुजतात तुझे. थेट विमान, आवाज कमी, हवा चांगली. महिना आहे म्हणतायत ना? चार दिवसांनी काय होतंय?"

फोन चालूच होता, पलीकडे अक्का ऐकत होती. तिचा आवाज खोल गेला होता, जीभ तशीच होती. "रत्नाकर, मला कधी दाखवलं नाहीस ते विमान, आता माझ्या बहिणीला दाखवतोयस होय? पाठव. कसं आहे ते मला येऊन सांगेल."

विद्या हसली. रत्नाकरने शनिवारचं तिकीट काढलं. कारखान्यातला जुना फोरमन रघुपती, त्याला सांगूनही टाकलं की आपल्यातलं पहिलं माणूस त्यात बसणार. "मॅडमना दारापाशी फोटो काढायला सांगा सर," रघुपती म्हणाला.

बुधवारी एअरलाइनची सूचना आली. शनिवारच्या उड्डाणाला दुसऱ्या प्रकारचं विमान लावलं होतं. असं होत असतं, हे रत्नाकरला माहीत होतं. त्याने विद्याला सांगितलं नाही. लगेच तिकीट बदलून तिला निघता आलं असतं, पण मग मंगळवारचा विषय निघाला असता.

गुरुवारी दुपारी ध्रुवचा फोन आला. अक्काने सकाळपासून डोळे उघडले नव्हते.

शुक्रवारचं तिकीट मिळालं. विमानतळाच्या वाटेवर हेब्बाळच्या पुलावर टॅक्सी अडकली तेव्हा विद्या म्हणाली, "मंगळवारी ती बोलत होती हो."

बुधवारची सूचना रत्नाकरने तेव्हाही सांगितली नाही.

दुपारी रघुपतीचा फोन आला. "सर, कुठे आहात? आणखी एका देशाने घेतलं! केसरीभात झालाय. टाचणी कोण लावणार?"

"तुम्हीच लावा अण्णा."

"मी? गेल्या वेळी समुद्रात लावली म्हणून तुम्हीच ओरडलात. डबा पाठवू घरी?"

"नको."

पलीकडे यंत्रांचा आवाज येत राहिला. "मॅडम उद्या निघतायत ना, आपल्या विमानाने?"

"आज गेल्या. दुसऱ्या विमानाने."

"सरी, सर," रघुपतीने कानडीत बरं म्हटलं आणि फोन ठेवला.

थोड्या वेळाने विद्याचा आखातातल्या विमानतळावरून फोन आला. ध्रुव तिचा फोन उचलत नव्हता. "तुमचा उचलतोय का बघा. आणि काही कळलं, तर मी लंडनला उतरेपर्यंत मला सांगू नका. तोवर तरी ती असू दे."

"बरं. विमान कसं होतं?" त्याच्या तोंडून निघून गेलं.

"विमानासारखं होतं. दोन गल्ल्या त्यालाही आहेत."

मग तिला पुढच्या विमानात बसायला बोलावलं गेलं. रत्नाकरने ध्रुवला फोन केला. ध्रुवने त्याचाही उचलला नाही.

संध्याकाळी सात वाजता ध्रुवचा निरोप आला. "श्वास मंद झालाय. मावशी कुठपर्यंत आली?"

रत्नाकरने मोबाइलवर विद्याचं विमान शोधलं. आजूबाजूला त्याच्या बिजागरीची दोन विमानं होती, एक पश्चिमेला चाललेलं, एक इकडे येणारं. त्याने ध्रुवला लिहिलं, "काळ्या समुद्रावर."

आठ वाजता विद्याचं विमान रुमेनियावर होतं. रत्नाकरचा निरोप पोहोचला होता. ध्रुवने तो अजून वाचलेला नव्हता.