फोटो नेमका कुठे बिघडतो

माझ्या सासूबाईंनी चौतीस वर्षं एका मोठ्या हॉस्पिटलच्या एक्स-रे विभागात काम केलं. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण कुणी फोटो हातात दिला की त्या अजूनही आधी तो उजेडाकडे धरतात. लग्नाचा अल्बम दाखवला तर "नवरी गोड दिसते" म्हणायच्या आधी "हा जरा हललाय" म्हणतात. सुरुवातीला मला याचा भारी राग यायचा. आता येत नाही. का, ते सांगते.

गेल्या वर्षी मी घरून करायचं एक काम धरलं होतं. जुन्या छायाचित्रांचं एक संग्रहालय आपला सगळा साठा वेबसाइटवर चढवत होतं. प्रत्येक फोटोखाली चार ओळी लिहायच्या: माणसं किती, काय करताहेत, हातात कुठली हत्यारं आहेत, दुकानाच्या पाटीवर काय लिहिलंय. सकाळी घर रिकामं झालं की मी हॉलच्या कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरसमोर बसायची. शंभर वर्षांपूर्वीचे सुतार, शाळेतल्या मुली, पुलाच्या कमानीवर चढलेले गवंडी बघताना दुपार कधी व्हायची कळायचं नाही.

एका सोमवारी फोटो उघडला आणि वाटलं, कुणीतरी त्यावर पाणी सांडलंय. चेहरे चौकोनी तुकड्यांचे झालेले. टोप्यांच्या कडा जिन्याच्या पायऱ्यांसारख्या. पाटीवरच्या अक्षरांची नुसती मुंग्यांची रांग. दुसरा उघडला, तोही तसाच. दोन दिवस डोळे फोडून मी कसंबसं काम रेटलं, मग वैतागून बेचाळीस फोटोंचे नंबर लिहिले आणि संग्रहालयाच्या मॅडमना यादी धाडून दिली. वर एक टोमणाही मारला, "स्कॅन करताना बहुधा घाई झालेली दिसते."

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. "आमच्याकडे तिन्ही कॉम्प्युटरवर हे फोटो स्वच्छ दिसतात. लोहारशाळेच्या फोटोत तुम्ही सात माणसं लिहिली आहेत. ती नऊ आहेत. कृपया एकदा डोळे तपासून घ्या. तोपर्यंत काम थांबवू."

मी तडक दुरुस्तीवाल्याला बोलावलं.

तो आला, कॉम्प्युटर बंद करून चालू केला, दोन-तीन फोटो बघितले आणि पाच मिनिटांत निकाल दिला. "ताई, ग्राफिक्स कार्ड गेलंय. घेऊन जातो. आठवड्याभरात नवं बसवून आणून देतो." बोलता बोलता तो वायरी काढायलाही लागला.

आई, म्हणजे सासूबाई, पलीकडे इस्त्रीचे कपडे लावत बसल्या होत्या. चादरीची घडी गुडघ्यावर ठेवून त्या म्हणाल्या, "थांबा जरा. ते कार्ड काय काम करतं?"

"पडद्यावर जे जे दिसतं ना मावशी, ते सगळं तेच दाखवतं."

"सगळं?"

"सगळं."

"बरं. सूनबाई, ह्याच्या पोटात आपले घरचे फोटो आहेत ना? त्यातला एक काढ बघू."

मी आमच्या सहलीचा फोटो उघडला. आरशासारखा लख्ख. नवऱ्याच्या शर्टावरचा चटणीचा डागसुद्धा दिसत होता.

"कार्ड गेलं असतं तर हाही बिघडायला हवा होता," आई म्हणाल्या. "की कार्ड माणसं ओळखून बिघडतं?"

दुरुस्तीवाल्याने डोकं खाजवलं. मग तो मनापासून हसला आणि काढलेल्या वायरी एकेक करून परत लावल्या. "मावशी, तुम्ही आमच्या दुकानात बसायला या. म्हणजे दोष नेटवरून येणाऱ्या फोटोंतच आहे. कार्डाला मी उगाच बदनाम केलं." चहा घेऊन तो गेला.

मी मात्र हातपाय गाळून बसले. आईंनी कपाटातून एक रेघांची वही आणली, माझ्या शेजारी खुर्ची ओढली आणि आडव्या पानावर एक लांब रेघ मारली. एका टोकाला लिहिलं 'संग्रहालय', दुसऱ्या टोकाला 'डोळे'. मधे माझ्याकडून विचारून घेत एकेक नाव भरलं: नेटची लाइन, वायफायचा डबा, ब्राउझर, कार्ड, पडदा, चष्मा.

"फोटो ह्या टोकाकडून निघतो आणि ह्या टोकाला पोचतो. वाटेत कुठेतरी बिघडतो. नेमका कुठे, एवढंच शोधायचंय. त्यात घाबरण्यासारखं काय आहे?"

'कार्ड' आणि 'पडदा' यांवर त्यांनी काट मारली. मग लोहारशाळेचा फोटो आपला चष्मा लावून बघितला, चष्मा काढून बघितला, आणि 'डोळे' अन् 'चष्मा' यांवरही काट मारली. "मलाही घाणच दिसतंय. दोघींचे डोळे एका सोमवारी जायचे नाहीत."

"आता तोच फोटो तुझ्या फोनवर उघड."

मी उघडला. फोटो स्वच्छ होता. बोटांनी मोठा करून मोजले, तर भट्टीच्या उजेडात नऊ लोहार उभे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. यादी धाडण्याआधी एवढं साधं मला का सुचू नये?

"फोन ह्याच वायफायवर आहे?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग संग्रहालय सुटलं, लाइन सुटली, डबाही सुटला." सर, सर, सर, तिन्हींवर काट. रेघेवर एकच नाव उरलं. ब्राउझर.

आता मला जोर चढला. "थांबा आई, सगळं पुसून टाकते, ब्राउझरच काढून नव्याने घालते," म्हणत मी माउसला हात घातला. आईंनी माझं मनगटच धरलं.

"एका वेळी एकच. तीन बटणं दाबलीस आणि बरं झालं, तर कशाने बरं झालं ते कसं कळणार? उद्या पुन्हा बिघडलं तर पुन्हा तिन्ही दाबणार?"

मग आम्ही एकेक करत गेलो आणि आई प्रत्येकाची नोंद करत गेल्या. पान ताणून मोठं केलेलं नाही ना, ते बघितलं. नव्हतं. ब्राउझरने साठवून ठेवलेले जुने फोटो पुसले आणि नव्याने मागवले. फरक शून्य. तासभर गेला. मी दोनदा म्हटलं, जाऊ दे. त्यांनी ऐकू आलं नाही असं दाखवलं. शेवटी मी नवऱ्याला ऑफिसात फोन लावला. तो घाईत होता. "ब्राउझरची खासगी विंडो उघडून बघ," एवढं म्हणाला.

उघडली. त्यात नऊच्या नऊ लोहार स्वच्छ!

मी टाळी वाजवणार तोच आई म्हणाल्या, "का?"

"का म्हणजे?"

"बरं दिसतंय हे मलाही दिसतंय. ह्या खिडकीत का दिसतं आणि त्या खिडकीत का नाही, ते विचार त्याला."

पुन्हा फोन. नवऱ्याने सांगितलं की ब्राउझरला आपण वरून ज्या छोट्या छोट्या सोयी जोडतो, ती एक्स्टेन्शन्स, खासगी विंडोत एरवी चालत नाहीत. आम्ही यादी उघडली. चार होती. पहिलं बंद केलं, पान नव्याने उघडलं, काही नाही. ते चालू केलं, दुसरं बंद केलं, काही नाही. तिसरं होतं पानं झटपट उघडून देणारं. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की ते वेगासाठी चित्रं दाबून लहान करतं. ते बंद केलं, पान उघडलं, आणि भट्टीमागच्या पाटीवरचं अक्षर न् अक्षर वाचता आलं.

आईंनी तरीही ते एकदा परत चालू करायला लावलं. फोटो बिघडला. बंद केलं. सुधारला. तेव्हा कुठे त्यांनी वही मिटली.

"हे उद्योग तुमच्या चिरंजीवांचे," मी म्हटलं. "संध्याकाळी येऊ देत घरी, बघतेच."

आईंनी वही टेबलावर ठेवली. मग म्हणाल्या, "त्याला बोलू नकोस. फोटो बिघडायच्या आदल्या रविवारी दुपारी मी पक्ष्यांचं एक पान वाचत होते. मधेच चौकट आली, पानं लवकर उघडायला हवीत का म्हणून. मी हो म्हटलं. आजच कळलं की तेच ते."

"असू दे हो आई. मी मॅडमना कळवते, तांत्रिक अडचण होती म्हणून."

"तांत्रिक अडचणीला हात असतात का? बटण माझ्या हाताने दाबलंय. नंबर दे त्यांचा."

मी नको नको म्हणत होते, पण त्यांनी फोन लावला. बोलणं जेमतेम मिनिटभराचं. "मी त्यांची सासू बोलतेय. फोटो तुमच्याकडे बिघडलेले नव्हते, आमच्याकडे बिघडत होते, आणि ते माझ्यामुळे. सुनेचे डोळे उत्तम आहेत. ते बेचाळीस फोटो ती पुन्हा बघेल आणि चुकलेलं दुरुस्त करून देईल." पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. फोन ठेवल्यावर आई म्हणाल्या, "बाई चांगल्या आहेत," आणि राहिलेल्या चादरींकडे वळल्या. चूक कबूल करताना माणूस इतका ताठ उभा राहू शकतो, हे मी पहिल्यांदाच बघत होते. मी असते तर आधी दहा वेळा घसा खाकरला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बेचाळीस फोटो परत काढले. आई हौसेने शेजारी बसल्या. साधारण विसावा फोटो चालू असताना त्या एकदम पुढे वाकल्या.

"आधीचा दाखव. त्याच्या आधीचा. आता पुन्हा हा."

"काय झालं?"

त्यांनी पडद्याच्या उजव्या बाजूला वरती बोट नेलं. केसाएवढी बारीक पांढरी रेघ होती. शाळेच्या फोटोत ती आभाळात होती, लोहारशाळेत भिंतीवर, एका बाजाराच्या फोटोत छपरावर. इतके दिवस ती त्या चौकोनी तुकड्यांत बुडून गेली होती. मी महिन्यापूर्वी लिहून दिलेला पुलाचा फोटो उघडला. तिथेही ती होती, आणि मी त्या फोटोखाली चक्क लिहिलं होतं, "वरून एक तार गेलेली दिसते." मी कपाळावर हात मारून घेतला.

"वेगवेगळ्या गावांत, वेगवेगळ्या वर्षी काढलेले फोटो, आणि रेघ सगळीकडे एकाच जागी?" आई म्हणाल्या. "ही रेघ फोटोत नाही. स्कॅन करायच्या काचेवर आहे."

मग त्यांनी सांगितलं. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एका ट्रक-ड्रायव्हरच्या छातीच्या फोटोत डाग आला. डॉक्टरांचे चेहरे उतरले, त्याच्या बायकोला बोलावणं गेलं. त्यानंतर तासाभराने एका शिक्षिकेचा फोटो धुऊन आला आणि आईंना तोच डाग दिसला, बरगडीच्या त्याच फटीत. त्यांनी फिल्म ठेवायची पेटी उघडली. आत पापुद्र्याएवढा चुन्याचा कण. त्या दिवशी अकरा जणांना परत बोलावून फोटो काढावे लागले. विभागप्रमुख चिडले. ड्रायव्हरने मात्र आईंचे दोन्ही हात धरले होते.

"तेव्हापासून सवय लागली," त्या म्हणाल्या. "लोकांना वाटतं मी खोड काढते."

मी मान खाली घातली. त्या लोकांत मीही होते.

ह्या वेळी मी कानाला खडा लावला होता. रेघ फोनवर बघितली. दुसऱ्या ब्राउझरमध्ये बघितली. शेजारच्या काकूंच्या कॉम्प्युटरवर जाऊन बघितली. सगळीकडे होती. मग मॅडमना पत्र लिहिलं. टोमणा न मारता. सोबत नऊ फोटोंचे नंबर आणि रेघेची जागा.

दुपारी त्यांचाच फोन आला. काचेवर ओरखडा सापडला होता. चार महिन्यांपासून सगळे फोटो त्याच काचेवर स्कॅन झाले होते, आणि तिथल्या कुणाच्याही नजरेस तो पडला नव्हता. मॅडमनी मला काम पुन्हा सुरू करायला सांगितलं आणि मग जरा अडखळत विचारलं, "तुमच्या सासूबाई आठवड्यातून दोन दिवस इथे येतील का? फोटो वर चढवण्याआधी कुणीतरी असं बघायला हवं."

"मला कॉम्प्युटरचं काय कळतंय?" आई म्हणाल्या. पण शुक्रवारी सकाळी त्या माझ्याआधी तयार होऊन चपला घालून उभ्या होत्या.

पहिल्या दिवशी मी सोबत गेले. स्कॅन करणाऱ्या दोघी मुली भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या. आता आपली हजेरी घेतली जाणार, हे त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. आईंनी आधी त्यांना एक फोटो स्कॅन करून दाखवायला सांगितला आणि तो संपेपर्यंत नुसते त्यांचे हात बघत राहिल्या.

"फोटो किती जपून ठेवतेस गं काचेवर," त्या मग एकीला म्हणाल्या. "कोपऱ्याला बोटसुद्धा लागू देत नाहीस. तुम्ही दोघी फोटोतली माणसं बघत होतात, म्हणून रेघ दिसली नाही. माणसं बघायलाच हवीत. रेघा बघायला आता मी आहे."

त्या मुली हसल्या. मग तिघींनी मिळून दिव्याखाली नव्या काचेचा कोपरा न् कोपरा तपासला. मॅडम दारात उभ्या राहून बघत होत्या, आणि मीही.

संध्याकाळी नवऱ्याने विचारलं, "कसा गेला दिवस?"

"सातशे फोटो नव्याने करायचेत," आई म्हणाल्या. इतक्या खुशीत त्यांना मी गेल्या बारा वर्षांत बघितलं नव्हतं.