पट्टीवरचं नाव

नकली कॅसेट ओळखायला मला अर्धं मिनिट पुरतं, पण मी मुद्दाम पाच मिनिटं लावतो. तेवढा वेळ समोरचा माणूस माझ्या तोंडाकडे बघत बसतो, आणि खरं सांगायचं तर अख्ख्या आठवड्यात तेवढाच वेळ माझ्या तोंडाकडे कोणी बघतं. व्हिडिओ गेमच्या जुन्या कॅसेट्स सेकंडहँड घेणाऱ्यांचा आमचा एक ग्रुप आहे. सगळे चाळिशी ओलांडलेले, पोट सुटलेले, लहानपणी जे मिळालं नाही ते आता मोबाइलवर शोधत बसणारे बाप्ये. त्यांच्यात माझी ख्याती अशी, की कुणी काही विकायला काढलं की पहिला मेसेज पडतो, 'आधी राजेशला दाखवा.' मग मी रविवारी पिशवीत भिंग आणि स्क्रू ड्रायव्हर टाकून मुलुंड म्हणा, बोरिवली म्हणा, बोलावतील तिथे जातो. चहा मिळतो, चार शब्द होतात, आणि संध्याकाळी मी पुन्हा घाटकोपरला आईसमोर येऊन बसतो.

ओळखायचं कसं, हे लोक मला नेहमी विचारतात. लेबल उजेडात तिरकं धरायचं. असलीवर कागदात दाबून उमटवलेला एक बारीक आकडा दिसतो. मागचा स्क्रू बघायचा. कंपनीच्या स्क्रूचं डोकं पाकळ्यांचं असतं, तिथे साधा फुलीचा स्क्रू दिसला की समजायचं, कोणीतरी आत हात घालून गेलंय. पण हे सगळं वरवरचं. आमच्या लहानपणी गल्लोगल्ली कॅसेट भाड्याने आणि अदलाबदलीने देणारी दुकानं होती, आणि त्यांतले काही पक्के बिलंदर मागच्या खोलीत कॅसेट उघडून आतली हिरवी सर्किटची पट्टी काढून घ्यायचे नि तिथे डुप्लिकेट बसवायचे. वरून तेच लेबल, आपणच चिकटवलेला तोच स्टिकर, आणि पोटात भलतंच. म्हणून आम्ही पोरं कंपासच्या टोकाने आतल्या पट्टीच्या कडेला आपलं नाव कोरून ठेवायचो. कवच कुणाचंही असो, पट्टी आपली पाहिजे, एवढी अक्कल आम्हाला सहावीतच आली होती.

माझी स्वतःची असली कॅसेट एकच. मामा जहाजावर होता, त्याने दुबईहून मशीन आणि ती कॅसेट आणली, तेव्हा पंतनगरातली निम्मी पोरं आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत येऊन बसायची. ओळखू यावी म्हणून आईने तिच्या कोपऱ्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला होता. अजूनही ती कपाटात, आईच्या पैठणीखाली असते. मुंबईभर लोकांच्या कॅसेट्स उघडून त्यांच्या चुका दाखवणाऱ्या या शहाण्याने स्वतःची कॅसेट, सहावीत नाव कोरलं त्यानंतर, इतक्या वर्षांत एकदाही उघडलेली नव्हती. उघडायची कशाला? ती असली आहे हे मला माहीतच होतं ना.

बाबा, म्हणजे धोंडू गिरणीवाले, जाऊन वीस वर्षं झाली. मी पंचेचाळीसचा, बिनलग्नाचा, विम्याच्या कचेरीत कारकून. आई, विमला, अठ्ठ्याहत्तरची, पण डोकं लख्ख. शेजाऱ्यांचे फोन नंबर तिला तोंडपाठ, आणि बाजारात कोळणीशी भांडताना तर तिचा आवाज पार पुलापर्यंत जातो. या जगात मला माझं म्हणावं असं तेवढं एकच माणूस. हे मी कधी तिला बोलून दाखवलं नाही, पण पहाटे जाग आली की तिचा श्वास ऐकू येईपर्यंत मी हलत नाही.

गेल्या महिन्यात ग्रुपवरून जोगेश्वरीच्या एका माणसाचा नंबर आला. गुंफेच्या बाजूला चार मजली इमारत, लिफ्ट नाही. दार उघडलं ते माझ्याच वयाच्या एका सडपातळ माणसाने. नितेश प्रधान. घरात एकटाच. भिंतीवर आईवडिलांचे फोटो, हार घातलेले. आईचा हार ताजा वाटत होता. आणि घरभर बांगड्याच्या कालवणाचा वास, त्यात तिरफळं. मला तो वास कळतो, कारण आमच्याकडे दर रविवारी तोच असतो, आणि मी दर रविवारी वरणभात खातो. मालवणचा असून मासे खात नाही म्हणून आईने जन्मभर माझी फिरकी घेतली आहे. "खंयसून आणलंय ह्यो झील, कोणाक ठावक," असं ती पाहुण्यांना सांगते आणि सगळे हसतात. मीही हसतो.

"कालवण तुम्हीच केलंत?" मी विचारलं.

"हो. आमच्या घरात खरं तर मासे शिजायचेच नाहीत, आई कांदालसूणही नाही खायची. ती गेल्यावर एकदा सहज करून बघितलं, तर जमलं. कोणी शिकवलं नव्हतं. बस मगे."

शेवटचे दोन शब्द मालवणी निघाले, आणि तो स्वतःच चपापला.

त्याने कॅसेट पुढे केली. माझ्याकडे आहे तीच. लेबल ठीक, दाबलेला आकडा ठीक, स्क्रू पाकळ्यांचा. मी माझी पाच मिनिटं घेतली, पण या वेळी तो माझ्या तोंडाकडे बघत नव्हता, माझ्या हातांकडे बघत होता. मग मी स्क्रू काढला. पट्टी असली होती, अगदी शंभर टक्के. तिच्या कडेला कोरलेलं होतं: राजेश, ६ ब.

घाटकोपरच्या शाळेत मी सहावी ब मध्ये होतो. पण राजेश काय, त्या काळी वर्गात तीन-तीन असायचे. शिवाय अक्षर माझं नव्हतं. माझा 'श' ताठ, हा गोल, पोट सुटलेला. मी सुटकेचा निःश्वास टाकला आणि म्हणालो, "असली आहे. पण तुमची नाही. कुणा राजेशची पट्टी तुमच्या कॅसेटमध्ये बसवलीय. दुकानवाल्याने तुम्हाला टोपी घातली, यार."

"नाही," तो म्हणाला. "ते अक्षर माझंच आहे. कोरताना कंपास घसरला होता, ही बघा खूण." त्याच्या तर्जनीवर एक पांढरी रेघ होती. "मी कोरलं हे मला पक्कं आठवतं. सहावीत असताना आम्ही वर्षभर घाटकोपरला राहायला होतो. फक्त मी राजेश का लिहिलं, ते आठवत नाही. मला ती विकायची नाहीये हो. ती असली आहे का, एवढंच कोणाकडून तरी ऐकायचं होतं."

मी ती कॅसेट तुलनेसाठी म्हणून घरी न्यायला मागितली. त्याने लगेच दिली, पावती नाही, काही नाही, जणू ती मीच ठेवायला दिली होती.

घरी आई दुपारची आडवी झाली होती. मी कपाटातून माझी कॅसेट काढली, लाल ठिपका अंगठ्याने पुसून पाहिला, आणि स्क्रू फिरवला. आतल्या पट्टीवर, कडेला, ताठ 'श' काढून कोरलेलं होतं: नितेश.

वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर मी पेनाने नितेश असं लिहिलं. तेच. 'त'चा तोच आकडा, वेलांटीला तोच हिसका. मग राजेश लिहून पाहिलं, आणि जन्मभर करत आलेली ती सही मला पहिल्यांदाच घोटून घोटून बसवलेली वाटली. हात जरा थांबत होता. मी ते पान फाडून बारीक तुकडे केले.

आठवडाभर कचेरीत माझं लक्ष नव्हतं. हे सांगणार कोणाला? ग्रुपवर टाकलं असतं तर चेष्टा झाली असती. आईला विचारायची माझी हिंमत होत नव्हती. काय विचारणार, की मी तुझा आहे ना? या वयात? शेवटी ज्याला कळेल असा एकच माणूस होता. आणि लाज वाटते, पण सांगतो, मला थोडा आनंदही झाला होता. इतक्या वर्षांनी कोणाला तरी घरी बोलवायला कारण मिळालं होतं. मी नितेशला फोन केला, "रविवारी दुपारी जेवायलाच ये. दोन्ही कॅसेट्स समोर ठेवून बघू."

तो आला तेव्हा मी टीव्हीला जुनं मशीन जोडत होतो, म्हणून दार आईने उघडलं. कोण, काय, कोणाकडे, तिने काहीच विचारलं नाही. तो उंबऱ्यात उभा, ती कडीवर हात ठेवून उभी. मग ती म्हणाली, "इलंस?"

"हो," तो म्हणाला.

"हातपाय धुवन घे आधी."

आमच्या घरात मोरी स्वयंपाकघराच्या मागे, पडद्याआड आहे. आमच्या पाहुण्यांना ती दाखवावी लागते. तो न विचारता आत गेला. पाण्याचा आवाज आला. आईने त्याला टॉवेल दिला तो बाबांचा, जो ती मला वापरू देत नाही.

"आई, हा नितेश," मी म्हणालो. जरा मोठ्यानेच म्हणालो. "जोगेश्वरीचा. मी सांगितलं नव्हतं का तुला?"

तिने माझ्याकडे वळून पाहिलं आणि हसली. राग नाही, भ्रम नाही, डोळे नेहमीसारखेच लख्ख. फक्त ते हसणं मी आजवर लांबून पाहिलं होतं. खालच्या मजल्यावरची पोरं गॅलरीत खेळायला आली की त्यांच्याकडे बघून ती असं हसायची. त्यात माया होती, नाही असं नाही. पण ती कुणाच्याही पोराला मिळते तेवढीच होती.

जेवताना तिने त्याच्या बांगड्याचे काटे काढून दिले नाहीत, तो सराईतपणे खात होता. ती त्याला वाढत होती, तो पुरे म्हणत नव्हता. माझ्या पुढ्यात वरणभात होता आणि ती मला म्हणाली, "लाजू नको हां, पोटभर जेव." मला रडू फुटणार होतं. एवढ्याशा वाक्यावर पंचेचाळीस वर्षांचा माणूस रडतो का? मी मान खाली घालून भात कालवत राहिलो.

नितेशही बावरला होता, ते मी पाहिलं. हात धुताना तो हळूच म्हणाला, "मी जाऊ का रे? काहीतरी घोळ होतोय."

हो, जा, असं मी म्हणायला हवं होतं. पण आत आई भांडी लावता लावता गुणगुणत होती, आणि तिला गुणगुणताना मी बाबा गेल्यापासून ऐकलं नव्हतं. मी म्हणालो, "थांब ना जरा."

मग आम्ही खेळलो. कुठली कॅसेट मशीनमध्ये घातली ते मी बघितलं नाही, त्यानेही नाही. दोघंही चटईवर मांडी घालून, गुडघ्याला गुडघा लावून, तीन तास खेळलो, आणि खोटं कशाला बोलू, इतकं बरं मला कितीतरी वर्षांत वाटलं नव्हतं. मी हरलो की तो माझ्या पाठीत चापट मारायचा. तो हरला की मी "वाट लागली" म्हणून ओरडायचो. ऊन भिंतीवरून सरकत दाराशी गेलं. आईने देवाजवळ दिवा लावला, नितेशच्या कपाळाला अंगारा लावला आणि त्याच्या केसांवरून हात फिरवत तशीच जरा उभी राहिली.

मग ती माझ्याजवळ आली. माझ्या हातातला कंट्रोलर तिने हलकेच काढून घेतला आणि खाली ठेवला. स्टीलच्या छोट्या डब्यात तिने दोन रव्याचे लाडू घातले होते, तो माझ्या हातात दिला, झाकण घट्ट आहे ना ते दाबून पाहिलं, आणि दार उघडून धरलं.

"नितेश, बाळा, पुष्कळ उशीर झाला," ती म्हणाली. "तुझी आई वाट बघत असेल."

मी नितेशकडे पाहिलं. तो टीव्हीकडे बघत होता. मी आईकडे पाहिलं. तिने माझा शर्ट खांद्यावर नीट केला, दुसऱ्याच्या पोराला परत पाठवताना बायका करतात तसा.

मी चपला घातल्या आणि म्हणालो, "हो काकी, निघतो."