गाळोबाच्या पोटातली कामिनी

मित्रांनो, मी एक जुना राक्षस आहे. घाबरून पान उलटू नका. माझे दात पाण्याच्या पाइपचे आहेत, डोळे मोटारसायकलच्या इंडिकेटरचे आहेत आणि माझी डावी बाजू जळून गेली आहे. जे काही उरलं आहे, ते आंधळगावात एका विणकराच्या घरी, मागाच्या खोलीत खुंटीला टांगलेलं असतं.

माझं नाव गाळोबा. सिनेमात मी तलावाच्या गाळातून वर येतो आणि गावाची झोप उडवतो. खरं सांगायचं तर मी आजवर कुणाला साधा ओरखडाही काढलेला नाही. उलट माणसांनीच मला असे धक्के दिले आहेत की आठवलं तरी माझ्या बांबूच्या बरगड्या करकरतात.

मला घडवलं भुपेंद्रने. हा लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगची कामं करायचा. नवरदेवाची वरात टिपता टिपता त्याच्या डोक्यात मात्र राक्षस फिरत असायचा. आपल्या मुलखात एवढे तलाव आहेत, मग एखाद्या तलावातून काहीतरी बाहेर का येऊ नये, असं त्याला शाळेपासून वाटत आलं होतं. लोक हसले. त्याने हसू दिलं आणि कामाला लागला.

टोपल्या विणणाऱ्या सुखरामने माझा सांगाडा बांधला. आत धानाची तणस, म्हणजे भाताचा पेंढा, भरली. भुपेंद्रची आई कौशल्याबाई मागावर बसून कोशाचं रेशमी कापड विणते. तिने रेशीमकिड्यांचे फुटके, टाकाऊ कोसे एकेक करून माझ्या कातडीवर शिवले आणि त्यांचे खवले झाले. ते ताठ राहावेत म्हणून सुताला लावायची तांदळाची खळ तिने मला चोपडली. पाठीला चेन लावली होती, ती पहिल्याच दिवशी तुटली. मग तिने सुती नाड्या लावल्या आणि विणकर तुटलेला धागा जोडताना मारतात तशा बारीक, घट्ट गाठी ती प्रत्येक वेळी मारू लागली. या गाठी बाहेरूनच सुटत. आतल्या माणसाला त्या कधीच सोडवता आल्या नाहीत, आणि तेव्हा कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

आतलं माणूस म्हणजे कामिनी, भुपेंद्रची धाकटी बहीण. मी खरं तर भुपेंद्रच्याच मापाचा व्हायचा होतो, पण तो आत शिरला तर कॅमेरा कोण धरणार? मग माप बदललं. कामिनी कॉलेजातून आली की दप्तर ठेवायची आणि माझ्या पोटात शिरायची. तिने मला पहिल्यांदा आरशासमोर नेलं तेव्हा मी जो हादरलो, विचारू नका. मला वाटलं होतं मी निदान बैलाएवढा देखणा असेन. कामिनी मात्र आतून हसत सुटली. तिचं हसू माझ्या छातीत घुमलं आणि मला बरं वाटलं.

आमचा लवाजमा तिघांचा. भुपेंद्र, कामिनी आणि आवाज पकडायला भुपेंद्रचा मित्र अंकुश. शूटिंगला सुट्टीच्याच दिवशी जायचं, त्यामुळे तीन वर्षं लागली. त्या तीन वर्षांत भुपेंद्रला एकच गोष्ट मिळाली नाही, ती म्हणजे गर्दी. राक्षस पाहून पळणारं गाव हवं होतं. तो घरोघरी जाऊन विनवायचा. लोक म्हणत, येतो, आणि येत नसत. शेवटी अंकुशच चार वेगवेगळे शर्ट घालून चार वेळा पळाला.

मध्येच एकदा माझ्यावर आणखी एक प्रसंग आला. बांधावर मला वाळत घातलं होतं. तणस आणि वर तांदळाची खळ, म्हणजे बैलाच्या दृष्टीने पानात वाढलेलं जेवणच. कुणाच्यातरी बैलाने शांतपणे माझी शेपटी खाल्ली. मी राक्षस असून मला चावून खाल्लं, हा अपमान मी कुठे सांगू? त्यामुळे सिनेमाच्या पहिल्या अर्ध्या भागात मला शेपटी आहे आणि दुसऱ्या अर्ध्या भागात नाही. भुपेंद्रने कपाळाला हात लावला आणि पुढचा शॉट घेतला. असा हा माणूस होता. माझा त्याच्यावर जीव होता.

शेवटी एकच शॉट राहिला. गाळोबा मरून तलावाच्या काठावर पडला आहे आणि सकाळचं ऊन त्याच्यावर येतं आहे. एवढं झालं की सिनेमा पूर्ण. भुपेंद्रने पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ निवडली. जागा ठरली ती दूरच्या एका टोलीवरच्या, म्हणजे छोट्या वस्तीवरच्या, तलावाची. त्या दिवशी शेतात कुणी जात नाही, बैल गोठ्यात असतात, म्हणजे माझं उरलंसुरलं अंगही सुरक्षित. त्याच सकाळी आमच्याकडे मारबत निघते, हे त्याला काय ठाऊक नव्हतं? लोक गवताच्या आणि चिंध्यांच्या आकृत्या करतात, घरातले जुने झाडू, फाटकी सुपं त्यांच्यासोबत घेतात, वर्षभराची रोगराई घेऊन जा असं ओरडत गावाच्या शिवेबाहेर नेतात आणि जाळतात. भुपेंद्रने चौकशीही केली होती. टोलीची मारबत दरवर्षी पूर्वेच्या पांदणीने जाते, असं त्याला कळलं होतं. आम्ही पश्चिमेला होतो.

त्या वर्षी पूर्वेच्या पांदणीचं रपटं, म्हणजे ओढ्यावरचा ठेंगणा पूल, पावसात वाहून गेलं होतं. हे त्याला कुणी सांगितलं नाही, आणि त्यानेही विचारलं नाही.

मी पाळीवर उताणा पडलो होतो. पाळ म्हणजे तलावाचा बांध. आदल्या दिवशी पाण्यातला शॉट झाला होता, त्यामुळे माझ्या पोटातली तणस अजून ओली होती. भुपेंद्र आणि अंकुश पाण्यापलीकडे पळसाच्या झुडपात, लांबून चित्र घेत होते. निघताना भुपेंद्रने बहिणीला बजावलं होतं, "कट म्हणतपर्यंत हलू नोको. काहीही आवाज आला तरी हलू नोको."

आणि आवाज आला. ढोल, थाळ्या, पोट्ट्यांची ओरड.

"खोकला घेऊन जा गे मारबत! ताप घेऊन जा गे मारबत! धानाचा तुडतुडा घेऊन जा गे मारबत!"

मी समजून चुकलो, पण मला वाचा कुठे होती! आणि कामिनी? माझ्या डोक्यात कापूस ठासलेला, तिला नीट शब्द कळत नव्हते. नुसता गलका ऐकू येत होता. तिला वाटलं, दादाने गर्दी जमवली! शेवटी एकदाची गर्दी आली! तिचं काळीज आनंदाने धडधडत होतं. मला ते कळत होतं, कारण ते माझ्या बरगडीला लागून होतं. आणि ती हट्टाने, मन लावून, मेल्यासारखी पडून राहिली.

लोकांनी मला पाहिलं. कुणीतरी म्हणालं, "बाप्पा! हे कोणाची मारबत आहे गा? लय मेहनत केली दिसते."

"दुसऱ्या टोलीवाल्यायनं टाकून देल्ली असंन," दुसरा म्हणाला. "घ्या, याले बी लावून द्या."

आपल्या आकृत्या त्यांनी माझ्या डाव्या अंगाला रचल्या. झाडू, सुपं, चिंध्या. म्हातारे कवडूबाबा पुढे आले. दरवर्षी काडी तेच लावायचे. त्यांनी मारबतीला हात जोडले आणि काडी लावली.

मित्रांनो, जळणं म्हणजे काय ते मी तुम्हांला सांगणार नाही. एवढंच सांगतो की माझी तणस ओली होती म्हणून ज्वाळेपेक्षा धूर जास्त झाला. तो धूर माझ्या आत भरला. कामिनीने एकदा हात हलवला, मग दोन्ही हात. माझ्या छातीवर आतून धक्के बसू लागले. बाहेर "खोकला घेऊन जा" चालूच होतं.

आणि माझ्या आतून खोकला आला.

ढोल थांबला. सगळे जिथल्या तिथे गार पडले. पुन्हा खोकला आला आणि माझ्या जबड्यातून, पाइपच्या दातांमधून, एक माणसाचा हात बाहेर आला. मग जी पळापळ झाली! बायका, पोरं, धडधाकट गडी, सगळे ओरडत पाळीवरून खाली. पाण्याच्या पलीकडून अंकुश धावत येत होता आणि ओरडत होता, "अबे, आत पोट्टी आहे! पोट्टी आहे आत!"

एकटे कवडूबाबा पळाले नाहीत. त्यांनी जळते झाडू हातांनीच ओढून फेकले, मला पालथं केलं आणि कमरेचा विळा काढून कौशल्याबाईच्या त्या न सुटणाऱ्या गाठी सटासट कापल्या. कामिनी बाहेर आली. डावा हात कोपरापर्यंत भाजला होता, कानाची पाळी भाजली होती, पण ती श्वास घेत होती. अंकुश पोहोचला. त्याच्यानंतर भुपेंद्र पोहोचला आणि बहिणीला कवटाळून लहान मुलासारखा रडला. मी जळका, चिखलात पालथा पडलो होतो, तरी मला वाटलं, केवढी ही माया!

कामिनी दवाखान्यातून घरी आली. हात हळूहळू भरत गेला. सिनेमाचं नाव कुणी काढत नव्हतं. अंकुशने घरी येणंच सोडलं. मला पुन्हा खुंटीला टांगलं गेलं, कारण मला फेकायला कौशल्याबाईचा हात धजावला नाही.

दिवाळी झाल्यावर एके दुपारी भुपेंद्र मागाच्या खोलीत कॉम्प्युटर घेऊन बसला. कौशल्याबाई मागावर होती. पडद्यावर ती सकाळ चालू झाली. पाळ, मी, आणि ती गर्दी. काय सांगू, चित्र इतकं सुंदर होतं की माझेच डोळे दिपले. तेवढ्यात कामिनी मागे येऊन उभी राहिली.

"दादा, मांग घे जरा," ती म्हणाली.

त्याने चित्र मागे घेतलं.

"इथं. कवडूबाबानं काडी पेटवली. अन् कॅमेरा जवळ आला."

भुपेंद्रने माउसवरचा हात काढला.

"कॅमेरा आपल्या मनानं जवळ येते का, दादा?"

"कामिनी, तीन वर्षांत पहिल्यांदा एवढे लोकं होते," तो म्हणाला. "मले वाटलं, आणखी थोडं घेऊन घेतो. थोडंसंच."

"काडी दिसली होती तुले?"

"दिसली."

"मी आत आहो, माहीत होतं?"

त्याने मान खाली घातली. कामिनीने हात लांब करून आवाजाचं बटण वाढवलं. ढोलाच्या वर, अगदी जवळून, भुपेंद्रचाच आवाज आला, "अंकुश, फ्रेममधी येऊ नोको! थांब बे, थांब!"

मागाची खटखट बंद पडली. कौशल्याबाई धोटा हातात धरून लेकाकडे पाहत राहिली. आणि मी? मित्रांनो, आग लागली तेव्हाही मी एवढा हादरलो नव्हतो. ज्या हातांनी मला घडवलं, त्याच हातांनी कॅमेरा सोडला नव्हता. कामिनी माझ्या पोटात गुदमरत असताना तो अकरा सेकंद उभा होता. पडद्याच्या कोपऱ्यात आकडे होते, मी ते मोजले.

"मी हे काढून टाकतो," भुपेंद्र म्हणाला. "सिनेमाच नाही करत."

"काढू नोको," कामिनी म्हणाली. तिने भाजलेला हात पदराखाली घेतला. "माया हात यात गेला आहे, हा शॉट राहीन. पन तुया आवाज बी राहीन. त्याच्यावर गाणं नाही टाकायचं. कबूल असंन त सिनेमा कर."

तो रात्रभर झोपला नसावा. सकाळी त्याचे डोळे सुजलेले होते. त्याने "कबूल" म्हटलं.

सिनेमा पहिल्यांदा दाखवला तो त्याच टोलीवर. धानाच्या रिकाम्या गोदामात, भर दुपारी, खिडक्यांना ताडपत्री लावून. मला पडद्याशेजारी खुर्चीवर बसवलं होतं. लोक खूप हसले, ओरडले, माझी गायब झालेली शेपटी एका पोट्ट्याने लगेच ओळखली. मग शेवटचा शॉट आला. आपलीच पाळ, आपलीच माणसं, आपलीच मारबत पाहून आधी सगळे आनंदले. नंतर काडी लागली आणि तो आवाज गोदामभर घुमला.

"अंकुश, फ्रेममधी येऊ नोको!"

एकेक मान मागे वळली. भुपेंद्र प्रोजेक्टरजवळ उभा होता. तो पळाला नाही, त्याने तोंडही फिरवलं नाही.

कवडूबाबा काठी टेकत उठले. त्यांच्या तळहातांवर भाजल्याचे डाग अजून होते.

"बाबू," ते म्हणाले, "काडी मी लावली. मले माहीत नव्हतं. तरी बी मले झोप नाही लागत. तुले त माहीत होतं. तू पाहून राहिला होता."

"हो, बाबाजी," भुपेंद्र म्हणाला. "मी पाहून राहिलो होतो."

कुणी टाळी वाजवली नाही. लोक हळूहळू उठून गेले. कामिनी आली, तिने मला खुर्चीवरून उचललं आणि एका हाताने खांद्यावर टाकलं. भुपेंद्र मदतीला पुढे झाला. तिने त्याला माझा एक पाय धरू दिला, बाकी सगळा भार स्वतः घेतला. तसेच दोघं बसस्टँडपर्यंत चालत गेले.

मित्रांनो, माझं आता काही राहिलं नाही. उंदीर माझी तणस नेत आहेत, ती त्यांनी खुशाल न्यावी. तुमच्याकडे दोनच मागण्या आहेत. कशालाही आग लावण्याआधी आत कुणी आहे का, ते हाक मारून विचारा. आणि कुणी जळताना, बुडताना, पडताना दिसलं, तर तुमच्या हातात जे काही असेल ते तिथेच टाका आणि धावा. अकरा सेकंद फार मोठे असतात. मी ते आतून भोगले आहेत.