थोरली, धाकटी आणि टोकनांचा सर्व्हर

महाळुंग्याजवळच्या एका गावात यंदा बैलगाडा शर्यतीची टोकनं चिठ्ठ्यांऐवजी कॉम्प्युटर काढणार होता. कोणाचा गाडा कितवा पळणार, ते टोकनावर ठरतं. वेबसाइट बनवली होती मोनिकानं. ती ताथवड्याला इंजिनिअरिंग शिकते. ड्रॉ संध्याकाळी सहाला होता.

यात्रा कमिटीचे अध्यक्ष दादासाहेब बजावून गेले होते, "बंद पडलं तर पुढल्या साली परत चिठ्ठ्या. तू आपली रांगोळी काढायची."

"आणि नीट झालं तर?"

"तर मी काढतो रांगोळी!"

दुपारी गाडामालकांच्या फोनवर 'ही साइट असुरक्षित आहे' असं यायला लागलं. मोनिका समाजमंदिरात गेली. तिथल्या कोपऱ्यात सर्व्हर असे. सर्व्हर म्हणजे काय, तर मागेल त्याला वेबसाइटची पानं दाखवणारा कॉम्प्युटर. तिनं तो अपडेट करायला घेतला आणि दारातून दोन लायब्रऱ्या आत आल्या.

ही लायब्ररी पुस्तकांची नव्हे. घरातला पाटा-वरवंटा जसा सगळ्या सुना वापरतात, तसं हे सगळ्या प्रोग्रामांचं सामाईक सामान. ती कधी चालत येत नाही. त्या दिवशी आली, एवढं खरं. थोरली, म्हणजे जुनी आवृत्ती, नऊवारीत होती. धाकटीच्या, म्हणजे त्याच लायब्ररीच्या नव्या आवृत्तीच्या, गळ्यात कंपनीचं कार्ड होतं. खुर्ची मात्र एकच.

"थोरली उठली तर मी एक नाव लिहिणार न्हाई," नोंदणीचा प्रोग्राम म्हणाला.

"धाकटी बसली नाही तर मी एक पान दाखवणार नाही," पानं दाखवणारा म्हणाला.

भांडण म्हटल्यावर आबाजी आलेच. ते मोनिकाचे चुलत आजोबा. भावकीतले तंटे तेच मिटवत. मोनिका पाणी आणायला वळली, तेवढ्यात कॉम्प्युटरनं त्यांना विचारलं, 'थोरलीला काढू का? हो की नाही?' दारी आलेल्याला आबाजींनी जन्मात 'नाही' म्हटलं नव्हतं. त्यांनी 'हो' दाबलं.

थोरली उठली. तिच्यामागून नोंदणीचा प्रोग्राम उठला, तारीख सांगणारा उठला, फोटो बारीक करणारा उठला. शेवटी पानं दाखवणाराही चपला शोधू लागला.

"अरे, तू का? धाकटी आहे ना इथं!" पाणी घेऊन परतलेली मोनिका म्हणाली.

"ताई, सगळी पंगत उठली, मी एकट्यानं काय करू?"

स्क्रीन काळा झाला.

मोनिका धावली. सगळी मंडळी चाकणच्या रस्त्यावर, कंपनीच्या बसथांब्यावर रांगेत उभी होती.

"आजी, परत चला."

"एका खुर्चीवर दोघी? न्हाई जमायचं."

मोनिकाला गावातल्या सोपानरावांचं घर आठवलं. त्यांच्या सुनांचं पटेना, तेव्हा आबाजींनीच मधे भिंत घालून दिली होती. छप्पर एक, चुली दोन.

"तुम्हाला वेगळी चूल मांडून देते," ती म्हणाली. "बसाल?"

"खिडकी पायजे. नोंदलेली नावं द्यायला."

"देते."

मंडळी परतली. मोनिकानं सर्व्हरच्या पोटातच एक बंद कप्पा केला. आत थोरली आणि नोंदणी, बाहेर धाकटी आणि बाकीचे. अडचण एकच होती: थोरली भोळी, कुणाही अनोळखी माणसाला दार उघडायची. फोन असुरक्षित म्हणत होते ते म्हणूनच. रस्त्यावरचं, म्हणजे इंटरनेटकडचं, दार आता धाकटीकडे दिलं. आतल्या खिडकीशी मोनिकानं आबाजींना बसवलं.

"नावं बाहेर जातील. आत कुणी जायचं नाही. कुणी विचारलं तर काय म्हणायचं, आबा?"

"या, बसा."

"आबा!"

"बरं बरं. न्... न्हा..." आबाजी घामाघूम झाले. तिनं धीरानं पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलं.

सहा वाजत आले. समाजमंदिर भरलं. दादासाहेब हळूच खिडकीपाशी आले.

"आबा, आत डोकावू का जरा? आमचं नाव यादीत वर हाय का, एवढंच बघतो. घरचाच हाय मी."

थोरली आतून कडी काढायलाही निघाली होती. आबाजींनी डोळे मिटले.

"न्हाई," ते म्हणाले.

थोरलीनं कडी पुन्हा लावली.

ड्रॉ झाला. नावं खिडकीतून बाहेर आली, धाकटीनं ती तपासली, आणि प्रत्येकाच्या फोनवर टोकन उमटलं. दादासाहेबांचा गाडा सर्वांत शेवटी होता. त्यांनी फोन उलटा करून पाहिला, तरी शेवटीच.

यात्रेच्या सकाळी ते गाडे पळतात त्या घाटाच्या तोंडाशी उकिडवे बसले होते. हातात रांगोळीचा डबा होता.

"मोनिका," ते खालूनच म्हणाले, "ठिपके आधी का रेघा आधी?"

"ठिपके," मोनिका शेजारी बसत म्हणाली. "द्या हात, दाखवते."