सन दोन हजारचे आसन

सन २००४च्या नोव्हेंबर महिन्यातील पहिल्या रविवारी, ट्यूरिन शहराच्या दक्षिण टोकाला, एका मोटार कंपनीच्या जुन्या कारखान्यात, त्या कंपनीने पन्नास वर्षांत बनवलेल्या आणि कधीही न विकलेल्या मोटारींचे प्रदर्शन भरले होते. ओत्ताविया पेरोना दारातच थांबली आणि नाक मुरडून म्हणाली, "बघ, सगळी सोंगं कशी एका रांगेत उभी केलीत!"

"अगं, हळू बोल," तिची नणंद तेकला म्हणाली. "कोटबिट घालून आलेत लोक."

"कोट काय, मेलेल्यालाही घालतात."

या सोंगांची आसने शिवण्यात ओत्तावियाचे उभे आयुष्य गेले होते; तेव्हा तिच्या तुच्छतेला निदान अभ्यासाचे अधिष्ठान तरी होते. साठ सालच्या त्या पंखवाल्या मोटारीत इंजिनाच्या जागी वाळूची पोती होती. त्यानंतरची, चीजच्या फोडीसारखी निमुळती, तिची दारे नुसती रंगवलेली. आत शिरायचे तर छत उचलावे लागे. दर दशकाला नवे भविष्य सुचत असे, आणि दर भविष्याला चार घामाघूम माणसे ढकलत ढकलत मंचावर नेत असत. या साऱ्या लबाडीत आसन तेवढे खरे, असे तिचे ठाम मत होते. कातडे खरे, टाका खरा, आतला भरावही खरा. मात्र सुरकुती पडेल या धास्तीने त्यावर कोणालाही कधी बसू दिले गेले नव्हते. आपल्या शिवणकामावर माणूस सुखाने बसू शकतो की नाही, हे कळल्यावाचून तिला डोळे मिटायचे नव्हते. तिचे स्वतःचे गुडघे आता इतके वाकत नव्हते. म्हणून तिने तेकलाला आणले होते. केवळ समोरच्याला बरे वाटावे म्हणून तेकलाने आजवर एकही खोटा शब्द उच्चारला नव्हता.

एका चंदेरी मोटारीपुढे पाटी होती: 'सन दोन हजारची मोटार'.

"ते साल येऊन गेलं की," तेकला म्हणाली. "मी तर आजही ट्रामनेच आले."

मोटारीशेजारी तिचा आरेखक बाल्बियानो, आता पांढऱ्या केसांचा, वार्ताहरांना सांगत होता, "या आसनात प्रवासी बसत नाही, तरंगतो."

"कोण तरंगलं, साहेब?" ओत्ताविया मोठ्याने म्हणाली. "एखादं नाव तरी सांगा!"

बाल्बियानोने वळून तिला ओळखले. "सिन्योरा ओत्ताविया! अहो, तुम्हाला तर ठाऊक आहे. ही कल्पना आहे. कल्पनेवर कोणी बसत नसतं."

"मग मला ही आसनं कशाला शिवायला लावलीत? दारांसारखी रंगवून टाकायची होतीत!"

वार्ताहर हसले. "मग आज बसवून दाखवा ना कोणाला!" म्हणत एकाने कॅमेरा सरसावला. आता नाही म्हणणे शोभले नसते. बाल्बियानोने पहारेकऱ्याला मोटारीभोवतीची दोरी सोडायची खूण केली.

"माझी नणंद बसेल," ओत्ताविया म्हणाली.

तेकलाने कोट काढून वहिनीच्या हाती दिला, आणि देवाचे नाव घेत, कण्हत, ती आत उतरली. पाठ टेकली. एकदा इकडे सरली, एकदा तिकडे. मग डोळे मिटून स्वस्थ राहिली. कोट छातीशी धरून उभ्या असलेल्या ओत्तावियाच्या चेहऱ्यावरून सकाळपासूनची सारी तुच्छता उतरली होती.

"तरंगल्यासारखं वाटतंय ना, सिन्योरा?" बाल्बियानो वाकून म्हणाला.

तेकलाने त्याच्याकडे पाहिलेही नाही. तिने आसनाच्या कडेवरून तळवा फिरवला.

"बोल ना गं," ओत्ताविया म्हणाली.

"शिवण सुरेख आहे, ओत्ताविया," तेकला म्हणाली. "पण बसवत नाही."