दाभणबाईंचा बोगदा

बसच्या डेपोत त्यांना सगळे दाभणबाई म्हणायचे. फाटक्या सीटांवर नवं रेक्झिन चढवण्यात त्यांची एकतीस वर्षं गेली होती. हातात सदानकदा दाभण, आणि जिभेचं टोकही त्याच मापाचं. नोकरी सुटून तप उलटलं, नवरा जाऊन सहा वर्षं झाली, पण नाव काही सुटलं नाही.

वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी दाभणबाई मागच्या दाराच्या पायरीवरून पडल्या. हाडबीड काही मोडलं नाही, नुसता घोटा सुजला. पण शेजारच्या घरातून धाकट्या जाऊबाईंनी ते पाहिलं, आणि तासाभरात दूरच्या शहरात राहणाऱ्या मुलाचा फोन आला.

“आई, बास झालं आता ते परसातलं. मागे सगळीकडे फरशी टाकून घेऊ. महिनाअखेरीला गवंडी पाठवतो.”

“पडले मी पायरीवर, आणि शिक्षा वाफ्यांना?”

“तुझ्या भल्यासाठीच सांगतोय ना!”

गेल्या थंडीत टोमॅटोची सगळी रोपं एका रात्रीत काळी पडली, तेव्हाही जो तो भल्याचंच बोलत होता. आता स्वस्थ बसा म्हणे. स्वस्थ बसून नेमकं करायचं काय, हे मात्र कोणी सांगत नव्हतं.

दाभणबाईंनी फोन ठेवला, घोटा स्टुलावर ठेवला आणि ठरवून टाकलं. परसात पॉलिटनेल बांधायचा. लोखंडी कमानींवर प्लास्टिकचा कागद ताणलेला, आत माणूस ताठ उभा राहील एवढा बोगदा. गावाबाहेरच्या रोपवाटिकेत त्यांनी तसा एक पाहिला होता. बाहेर दात वाजत होते आणि आत वांग्याला फुलं आली होती. महिनाअखेरीच्या आत जागा भरून टाकायची, मग बघू कोण कुठे फरशी टाकतं ते!

घोटा जमिनीला टेकायला लागला तशा त्या शेतीच्या सामानाच्या दुकानात गेल्या. दुकानदार बोलायला साखरेसारखा.

“मावशी, घरच्या बागेला हा बघा. प्लास्टिकच्या नळ्यांचा, एकदम हलका. तासाभरात उभा राहतो.”

दाभणबाईंनी नळी दोन्ही हातांनी वाकवली. ती वाकली आणि वाकलेलीच राहिली.

“आणि वारा आला की तेवढ्याच वेळात आडवा होत असेल. लोखंडी दाखवा.”

लोखंडी कमानी त्यांनी टिचक्या मारून, आवाज ऐकून निवडल्या. सहा मीटर लांबीला चार कमानी पुरतात, असं दुकानदार म्हणाला. त्यांनी सहा मागितल्या. घरामागे मोकळं मैदान होतं, वारा सरळ अंगावर यायचा. दारं दोन्ही टोकांना हवीत, असंही त्यांनी सांगितलं.

“एक पुरे की, मावशी.”

“एकच दार आणि खिडकी नाही, अशा खोलीत तुम्ही राहाल?”

हे गिऱ्हाईक म्हणजे कच्च्या गुरूचा चेला नाही, हे दुकानदाराला कळून चुकलं. तरी कागदाच्या गुंडाळ्या दाखवताना तो घसरलाच.

“हा दोन वर्षं टिकतो, हा पाच. पण तुम्हाला काय, दोनवाला भरपूर झाला.”

“का?”

“नाही, म्हणजे... उगाच पाच वर्षांचा घेऊन...”

“बोला की. कागद टिकेल आणि म्हातारी टिकायची नाही, असंच ना?”

दुकानदाराचे कान लाल झाले. दाभणबाईंनी पाच वर्षांच्या गुंडाळीवर थाप मारली. “हाच द्या. दोन मीटर जास्तीचा.”

सामान परसात येऊन पडलं. कमानींचे पाय रोवायला बारा खड्डे हवे होते, प्रत्येक गुडघाभर खोल. दाभणबाईंनी ते बसून खणले. बुटकं स्टूल, हातात आखूड पहार, बाजूला माती काढायला जुनं पातेलं. दिवसाला दोन खड्डे, त्याहून जास्त नाही. घोटा ठणकायला लागला की थांबायचं, चहा घ्यायचा, घोट्याला दोन शिव्या द्यायच्या.

जाऊबाई कुंपणाच्या भिंतीवरून डोकावल्या. “ताई, अहो मजूर तरी लावा.”

“मजूर लावला की तो म्हणणार, आजी तुम्ही बाजूला बसा. बाजूलाच बसायचं तर फरशी काय वाईट होती?”

जाऊबाई भिंतीआड गेल्या. स्वभावानं गरीब बाई. जन्मात कोणाला उलटून बोलली नव्हती.

सातव्या दिवशी पायाचे बारा पाइप उभे राहिले, आणि त्याच दिवशी गवंडी येऊन थडकला. महिना संपायला अजून दहा दिवस होते. हातात टेप, कानामागे पेन्सिल.

“फरशीचं माप घ्यायला आलोय.”

“या, या. देव पावला. गुण्या आणलाय का?”

“आणलाय. का?”

“या चौकटीचे कोपरे मला काटकोनात दिसत नाहीत. जरा बघा.”

गवंड्यानं बघायला नको होतं, पण वाकडं काम समोर असताना कारागिराला राहवत नाही. त्यानं गुण्या लावला, मग टेपचं एक टोक दाभणबाईंच्या हातात देऊन कर्ण मोजले. एक कर्ण दुसऱ्यापेक्षा चांगला वीतभर मोठा निघाला.

“आजी, हे असं उभं केलंत तर दार कधी लागणार नाही.”

“मग करा की सरळ. बोलून पाइप हलतात का?”

दोन तास तो खपला. चार पाइप उपटून परत रोवले, कर्ण जुळवले, माती ठोकून घट्ट केली. हात धुताना त्याला आपण कशासाठी आलो होतो ते आठवलं. त्यानं तिथूनच मुलाला फोन लावला.

“साहेब, इथे फरशीला जागाच नाही. काय सांगू आता... मीच भरून टाकली.”

कमानी पायांत बसल्या, कण्याचा आडवा पाइप बोल्टांनी आवळून झाला. दोन्ही बाजूंना कागदाची कड पुरायला चर खणला. आता कागद. त्याला ऊन हवं, वारा नको. तापलेला कागद ताणावा, म्हणजे थंडीत तो आखडून ढोलकीसारखा घट्ट बसतो. हे दुकानदारानं सांगितलं होतं, पण दाभणबाईंना ते नवं नव्हतं. थंडीत रेक्झिनसुद्धा त्या आधी उन्हात टाकायच्या.

चौथ्या दिवशी तसं ऊन पडलं. कागदाला दोर बांधून त्यांनी तो कमानींवरून एकटीनं ओढून घेतला. एका बाजूची कड मधोमध चरात पुरली, आणि दुसऱ्या बाजूला जाईपर्यंत मैदानातून वाऱ्याची झुळूक आली. झुळुकीचा झोत झाला. कागद शिडासारखा फुगला. दाभणबाईंनी कड धरली, पण त्या कागदाला धरत होत्या की कागद त्यांना, हे सांगणं कठीण होतं. टाचा मातीत फरफटत चालल्या.

“सोडा, ताई! सोडा!” भिंतीपलीकडून आवाज आला.

“सोडते माझी खेटरं! यायचं तर या, नाहीतर आत जाऊन बसा!”

मग दाभणबाईंनी जे पाहिलं ते त्यांना खरं वाटेना. पासष्ट वर्षांच्या जाऊबाई बादली उपडी घालून भिंतीवर चढल्या, आणि धपकन अलीकडच्या कोथिंबिरीत उतरल्या. धावत येऊन त्यांनी कागदाचं दुसरं टोक पकडलं आणि सगळं वजन टाकून सरळ त्यावर बसल्याच.

वारा थोडा ओसरला. दोघी धापा टाकत होत्या.

“ताई, तुम्ही पडलात तेव्हा फोन मीच केला होता.”

“माहीत आहे. ते टोक सोडू नका.”

“राग आला असेल.”

“आला होता. आता मी सांगते तसं ओढा. आधी मधोमध, मग समोरासमोर, कोपरे शेवटी. एक बाजू पुरी केलीत तर दुसरीकडे सुरकुत्या पडतील.”

इकडे एक हात, तिकडे एक हात, अशी दोघींनी कड पुरत नेली. वरून माती लोटली, पायांनी तुडवली. जाऊबाई तुडवताना एकदम हसायलाच लागल्या. “इतकं कोणाला तुडवलं नव्हतं हो आजवर!”

पुढच्या रविवारी मुलगा आला. परसात उभा राहून त्यानं बोगद्याकडे नुसतं बघितलं.

“आई, फरशीचं ठरलं होतं आपलं.”

“तुझं ठरलं होतं.”

“आणि आत पडलीस तर? कोणाला कळणारही नाही.”

“कागद आहे तो, माणूस आत हललं तरी दिसतं. तुझ्या काकूला तर भिंतीतूनही दिसतं. आणि पडले तर मातीत पडेन. फरशीवर हाडं वेचावी लागली असती.”

“तू ऐकणार नाहीसच.”

“एकतीस वर्षं लोकांना बसायला सीटा केल्या रे. मला इतक्यात बसायचं नाही.”

त्याला पटलं नव्हतं, ते त्याच्या कपाळावर स्पष्ट दिसत होतं. आत एक चक्कर मारून, चष्मा धुकटलेला घेऊन बाहेर आला. दुसऱ्या दिवशी निघण्याआधी मात्र त्यानं मागच्या पायरीला लोखंडी कठडा बसवून घेतला.

“हे आधी सुचायला हवं होतं,” दाभणबाई म्हणाल्या, आणि कठडा धरून खाली उतरल्या.

सगळं काही सुरळीत झालं असं नाही. ऊब टिकावी म्हणून दाभणबाईंनी दोन्ही दारं घट्ट लावून ठेवली, आणि पहिल्या रोपांना बुरशी लागली. दारं भांडून घेतली होती त्यांनीच, आणि कोंडूनही त्यांनीच ठेवली. रोपं उपटून टाकताना आपल्याच नावानं खडे फोडले आणि नवं बी पेरलं. आता सकाळी दहाला दारं उघडायची नि चारला लावायची, हे काम जाऊबाईंकडे होतं. त्या भिंतीवरूनच यायच्या. फाटकातून यायला वेळ लागतो म्हणे.

ऐन कडाक्यात टोमॅटो लाल झाले. जाऊबाईंनी फोनवर फोटो पाठवला, तसा मुलाचा लगेच फोन आला.

“आई, कोणाबरोबर तरी पाठव ना थोडे.”

“पाठवणार नाही. हवे असतील तर येऊन तोड.”

“अगं, एवढ्याशा टोमॅटोसाठी?”

“एवढ्याशा टोमॅटोसाठीच. आणि येताना जुने बूट आण. आत चिखल असतो.”